स्कामध्ये सम बेसवाल्याकडे

स्का म्हणजे जमैकातलं नाचाचं संगीत. त्याचा ठेका चार मात्रांचा. गिटार आणि कीबोर्ड दोन मात्रांच्या मधोमध ‘च्याक’ करतात, ड्रमचा मुख्य ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतो. उरली सम. ती बेसवाल्याने, म्हणजे खर्जाचे सूर वाजवणाऱ्याने, धरायची. जमैकात १९६४ साली जमलेल्या स्कॅटलाइट्स या बँडमध्ये लॉइड ब्रेव्हेट हे काम डबल बेसवर, म्हणजे उभ्या मोठ्या तंतुवाद्यावर, करत. आज आपण चार तारांच्या इलेक्ट्रिक बेसवर करतो, पण आवाज तसाच हवा: गोल, जाड, लवकर विझणारा.

त्यासाठी फ्लॅटवाउंड, म्हणजे वरची गुंडाळी सपाट असलेल्या, तारा लावा, ४५ ते १०५ गेजच्या (जाडीच्या). टोनचा नॉब निम्म्याखाली. ब्रिजपाशी, म्हणजे तारा बेसच्या अंगाला जिथे टेकतात तिथे, तारांखाली स्पंजची बोटभर रुंद पट्टी सरकवा; ती तारांना जेमतेम टेकावी. घट्ट बसली तर नुसता ‘ठप्प’ येतो, सूर कळत नाही. फ्लॅटवाउंडचा आणखी एक फायदा: ठाण्याच्या पावसाळ्यात घामाचा आणि दमटपणाचा मळ गुंडाळीच्या खाचांत साचत नाही, त्यामुळे तारा लवकर मरत नाहीत. बेसची लाकडी मान मात्र दमटपणाने वाकते. ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा, आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल एवढी फट पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) पाव फेरा आवळा आणि एक दिवस थांबा. एका बैठकीत पूर्ण फेरा देणारे पुढे दुरुस्तीचं बिल भरतात.

आता चाल. सी, ए मायनर, डी मायनर, जी अशी कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) फेरी घ्या, दर मात्रेला एक स्वर:

सी, ई, जी, ए-फ्लॅट
ए, सी, ई, ई-फ्लॅट
डी, एफ, ए, ए-फ्लॅट
जी, बी, डी, डी-फ्लॅट

पहिले तीन स्वर कॉर्डमधलेच. गंमत चौथ्यात आहे: तो पुढच्या कॉर्डच्या मूळ स्वरापासून अर्ध्या सुरावर उभा असतो, म्हणून सम येण्याआधीच ऐकणाऱ्याला तिची चाहूल लागते. हा चौथा स्वर लांबवायचा नाही. तो वाजला की डाव्या हाताचं बोट सैल करा, पण तारेवरून उचलू नका. उचललंत तर मोकळी तार घुमते.

नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे गिटारच्या ‘च्याक’मागे ओढलं जाणं. बेस त्या अर्ध्या मात्रेकडे सरकला की सगळा बँड धावत सुटतो आणि शिव्या ड्रमरला बसतात. उपाय: मिनिटाला १२० मात्रांची लय हवी असेल तर मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) ६० वर ठेवा आणि त्याचा टिकटिकाट दुसरी-चौथी मात्रा समजा. सम स्वतः शोधायची. दहा मिनिटं न घसरता जमलं की मगच लय वाढवा.

ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठी लग्नाच्या ब्रास बँडमधली माणसं मिळाली तर उत्तम, फक्त तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या तारखा आधी विचारा. या वाद्यांच्या स्वरांची नावं आपल्यापेक्षा वेगळी पडतात: ट्रम्पेटवाला ‘सी’ म्हणाला तर तुम्ही बी-फ्लॅट वाजवायचा, ऑल्टो सॅक्सवाला म्हणाला तर ई-फ्लॅट. त्यांच्या सोयीची गाणी याच पट्ट्यांत येतात, तिथे मूळ स्वर मोकळ्या तारेवर मिळत नाही. म्हणून वरची चाल बी-फ्लॅटमधून, मोकळी तार न वापरता, पाठ करून ठेवा.

सोसायटीत सराव हेडफोनवरच. अँप लावायचाच तर थेट लादीवर ठेवू नका, खाली जाड रबरी मॅट घाला; खर्जातला आवाज स्लॅबमधून उतरतो आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. तालमीला ठाणे-वाशी लोकलने जायचं तर बेस पाठीवर नको, साधारण चार फुटांचं ते धूड दाराला आपटतं. उतरल्यावर लगेच सूर लावू नका. उकाड्यातून एसीच्या खोलीत आल्यावर दहा मिनिटं बेस बाहेर काढून ठेवा आणि मग ट्यूनर लावा.