जिन्यावरून कळसूबाई: रोजच्या व्यायामाचा खेळ कसा मांडावा

आमच्या फ्रिजवर आलेखाचा एक कागद चिकटवलाय. त्यावर १६५ चौकोन आखलेत, त्यातले ११२ रंगवून झाले. एक चौकोन म्हणजे १० मीटर चढ. सगळे भरले की कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. चढतोय आमच्याच इमारतीचा जिना. याआधी जिम दोनदा लावली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात सुटली. हा खेळ मात्र टिकलाय. तुम्हालाही मांडता येईल.

आधी जिना मोजा. एका पायरीची उंची पट्टीने मोजा आणि पायऱ्यांच्या संख्येने गुणा. आमची पायरी १६ सेंटिमीटरची, मजल्याला १९ पायऱ्या, म्हणजे ३ मीटरच्या किंचित वर. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत साधारण १२ मीटर. दिवसाला तीन फेऱ्या केल्या की ३६ मीटर. उतरताना लिफ्ट असेल तर खुशाल वापरा, कारण गुडघ्यांवर जास्त ताण उतरतानाच येतो. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

रोजचा आकडा स्वतःच ठरवा. दिवसाला १०,००० पावलं हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो आला जपानमधून. १९६५ साली तिथे ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मापक! तेव्हा त्या आकड्याचं दडपण नको. दमून आलेल्या दिवशीही जेवढं जमेल, तेवढंच ठरवा.

वाटेत गड ठेवा. १६४६ मीटर एकदम डोळ्यांसमोर ठेवले की दुसऱ्याच आठवड्यात कंटाळा येतो. म्हणून समुद्रसपाटीपासून निघायचं आणि उंचीप्रमाणे एकेक गड घ्यायचा. रायगड ८२० मीटर, रोज ३६ मीटरने २३ दिवस. मग लोहगड सुमारे १०३०, सिंहगड सुमारे १३००, तोरणा १४०३ आणि साल्हेर १५६७. गड सर झाला की त्याचं नाव कागदावर ठळक लिहायचं. आमच्याकडे रायगडाच्या दिवशी भाचीने भगवा झेंडा काढला आणि त्या रात्री जेवण झाल्यावर सगळेच चौथी फेरी मारून आले.

नियम लहानपणीच्या खेळातले घ्या. आजारपण, परीक्षा, गावाला जाणं यासाठी टाइमप्लीज. घरातल्या आजी लिंबूटिंबू: त्यांनी अंगणात ५०० पावलं चालली की ३ मीटर जमा. भिडू दोन तरी हवेतच. एकट्याने खेळलं की खाडा कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरा भिडू दारात चपला घालून उभा असला की निघावंच लागतं.

एक नियम कळकळीने सांगते: चढलेली उंची कधीही कापू नका. सुरुवातीला आम्ही खाड्याला २० मीटर दंड ठेवला होता. नवऱ्याचे सलग चार खाडे पडले, ८० मीटर गेले आणि त्याने आठवडाभर कागदाकडे पाहिलंच नाही. दंड काढला, गेलेले मीटर परत दिले, दुसऱ्या दिवशी तो जिन्यात होता. वजनाचा आकडाही या कागदावर नको. काटा रोज आपल्या मनासारखा हलत नाही, फेऱ्या मात्र आपल्या हातात असतात.

शेवटचा चौकोन कोरा ठेवा. १६४ भरले की कागद घडी करून सॅकमध्ये टाका आणि पाऊस ओसरल्यावर अकोले तालुक्यातल्या बारी गावी जा. तिथून माथ्यापर्यंतचा चढ सुमारे ९०० मीटर, म्हणजे आपल्या जिन्याचे २५ दिवस एका दमात. म्हणून आधीचे काही रविवार फेऱ्या वाढवत न्या. कड्यावरच्या लोखंडी शिड्या चढून गेलात की वर कळसूबाईचं देऊळ लागतं. रंगाची पेन्सिल बरोबर असू द्या.