महापौरांवर टीका करताना या चुका टाळा

सोलापुरात महापालिकेच्या कारभारावर टीका करणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ती असण्याचे कारणही नाही. वानवा आहे ती अशा टीकेची, जिला उत्तर देण्यासाठी समोरच्याला फाईल मागवावी लागेल. गेली अनेक वर्षे मी ओळखीपाळखीच्या लोकांची निवेदने, माहिती अधिकाराचे अर्ज आणि पत्रकार परिषदेसाठी केलेली टिपणे वाचून देत आलो आहे. लिहिणारे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. राग खरा असतो, तक्रारही बहुधा रास्त असते, पण मांडणीच अशी असते की एखादा जुना लेखनिकही ती बसल्या जागेवरून निकालात काढू शकतो.

तरतुदीच्या आकड्याला खर्चाचा आकडा समजणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

अंदाजपत्रक सादर झाले की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत रस्त्यांसाठी इतके कोटी, दिवाबत्तीसाठी इतके, उद्यानांसाठी इतके, असे आकडे चौकटीत छापून येतात. या चौकटीचा फोटो मोबाईलवर फिरतो आणि सहा महिन्यांनी तोच आकडा ‘एवढे कोटी खर्च झाले, ते गेले कुठे?’ या प्रश्नाच्या रूपाने परत येतो. मधल्या काळात त्यातील एक रुपयाही तिजोरीबाहेर पडला नसेल, ही शक्यता कोणी विचारातच घेत नाही. अंदाजपत्रकातील तरतूद ही केवळ खर्चाची मुभा असते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप आणि देयक एवढे टप्पे ओलांडल्यावर पैसा जातो, आणि कित्येक कामे पहिल्या दोन टप्प्यांतच वर्षानुवर्षे अडकून पडतात.

१९९२ साली शहरात आलेल्या आणि अजूनही हद्दवाढ भाग म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातील एका वसाहतीच्या तरुणांनी आपल्या उद्यानाबाबत असेच एक निवेदन तयार केले होते. उद्यानात वाळलेले गवत, मोडकी घसरगुंडी आणि कुलूप लावलेली मुतारी एवढाच ऐवज होता, आणि तरतूद मात्र डोळ्यांत भरण्याजोगी होती. निवेदनात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द पाच-सहा ठिकाणी आला होता. मागील वर्षांचे प्रत्यक्ष खर्चाचे रकाने पाहून मगच जा, असे मी सुचवले, तेव्हा त्यासाठी आठवडा जाईल आणि आम्हाला उद्याच्या अंकात बातमी हवी आहे, असे उत्तर मिळाले. शिष्टमंडळ गेले, छायाचित्रकारही आला. पदाधिकाऱ्यांनी शांतपणे अंदाजपत्रकाचे पुस्तक मागवले, पान उघडले आणि त्या शीर्षाखालील, म्हणजे खर्चाच्या त्या बाबीखालील, प्रत्यक्ष खर्च मोठ्याने वाचून दाखवला. तो शून्य होता. ‘म्हणजे शून्य रुपयांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करायची आहे तर,’ एवढेच ते म्हणाले. दालनात हशा पिकला आणि बैठक संपली.

खरी चीड आणणारी बाब पुढेच आहे. त्या पानावर त्याहून जहाल मुद्दा छापलेला होता. सलग काही वर्षे उद्यानासाठी पैसे दाखवायचे आणि खर्च काहीच करायचा नाही, यापेक्षा कारभारावरची बोचरी टीका कोणती असू शकते? तो मुद्दा त्या मुलांच्या हातात होता. मात्र त्यांनी चुकीचा आरोप आधीच लिहून नेल्यामुळे योग्य आरोप करण्याचा अधिकार त्या खोलीपुरता तरी त्यांनी गमावला. त्यानंतर त्या उद्यानाचा विषय काढला की ‘ते शून्यवाले का?’ असे विचारले जाऊ लागले.

माझी सवय अशी आहे की अंदाजपत्रकाचे पुस्तक हाती आले की भाषण आणि ठळक वैशिष्ट्ये सोडून थेट तक्त्यांवर जायचे. प्रत्येक शीर्षापुढे साधारणपणे मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. मी रेघी वहीत फक्त एक शीर्ष घेतो आणि लागोपाठच्या पुस्तकांतून त्याच्या मूळ अंदाजाशेजारी त्याचाच प्रत्यक्ष खर्च लिहीत जातो. मूळ अंदाज दरवर्षी फुगलेला आणि प्रत्यक्ष खर्च दरवर्षी रोडावलेला दिसला की टीका आपोआप लिहिली जाते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला जवळचा रस्ता नाही. ज्यांना तो हवा असतो, त्यांनी कृपया निवेदनावर स्वतःचीच सही करावी, संपूर्ण वसाहतीची करू नये.

सगळे खापर महापौरांवर फोडणे

दुसरी आवडती चूक म्हणजे महापौरांना शहराचा मुख्य कार्यकारी समजणे. हा गोंधळ आपल्या जिल्ह्यात अधिक होतो, कारण बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट येथील नगराध्यक्ष थेट मतदारांकडून निवडले जातात, आणि तिकडचे नातेवाईक ‘आमच्या नगराध्यक्षांनी करून दाखवले’ असे सांगतात. महापौरांची निवड मात्र नगरसेवक आपल्यातूनच करतात, तीही अडीच वर्षांसाठी, आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहील हे सोडतीने ठरते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, सोळा सदस्यांची ही समिती त्यात फेरफार सुचवते आणि अंतिम मान्यता सर्वसाधारण सभा देते. रस्त्याच्या ठेकेदाराला कार्यारंभ आदेश महापौर देत नाहीत, देयकावर सहीही करत नाहीत. हे ठाऊक नसलेली टीका ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या प्रकारात मोडते, आणि महापौरांच्या ते फार सोयीचे असते, कारण ‘माझ्या अधिकारात नाही’ हे उत्तर त्या वेळी खरे असते.

याहून कठीण प्रकार काळाचा आहे. सोलापूर महापालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत शहराला महापौर, स्थायी समिती, नगरसेवक यांपैकी काहीही नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते आणि सभागृहाचे अधिकारही तेच वापरत होते. तरीही २०२३ किंवा २०२४ मधील एखाद्या खर्चाबद्दल ‘महापौरांनी उत्तर द्यावे’ असे लिहिलेली पत्रे माझ्यासमोर येतात. त्या काळातील खर्चाचा जाब प्रशासनालाच विचारावा लागेल. आजच्या महापौरांना फार तर एवढे विचारता येईल की प्रशासकांच्या काळातील ठराव आणि खर्च सभागृहापुढे फेरविचारासाठी का आणले नाहीत. हा प्रश्न मात्र जरूर विचारावा, कारण त्याला ‘माझ्या अधिकारात नाही’ हे उत्तर चालत नाही.

मग महापौरांच्या नेतृत्वावर टीका करायचीच नाही का? अवश्य करावी, पण जेथे त्यांचा अधिकार चालतो तेथे. सभा बोलावणे, चालवणे आणि तहकूब करणे हे त्यांच्या हातात आहे. दरमहा किमान एक सर्वसाधारण सभा अपेक्षित असताना ती किती वेळा तहकूब झाली, श्रद्धांजली वाहून तहकूब केलेली सभा पुन्हा कधी भरली, विषयपत्रिकेवर नसलेले किती ऐनवेळचे विषय आयत्या वेळी घुसवून चर्चेविना ‘एकमताने मंजूर’ झाले, कोणत्या नगरसेवकाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, हे सर्व इतिवृत्तात नोंदलेले असते. नेतृत्वाची परीक्षा घ्यायची तर इतिवृत्त वाचावे. खड्ड्याच्या छायाचित्रापेक्षा ते पुष्कळ अधिक सांगते, जरी समाजमाध्यमांवर ते कोणी पुढे पाठवणार नाही.

पैसा कोणाचा हे न पाहणे

शहरात दिसणारे प्रत्येक काम महापालिकेच्या तिजोरीतले नसते. सोलापूरची निवड जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत झाली आणि त्यासाठी वेगळी कंपनी व वेगळे संचालक मंडळ स्थापन झाले. पार्क स्टेडियमचे नूतनीकरण असो वा उजनीची समांतर जलवाहिनी, अशा कामांचे हिशेब महापालिकेच्या अंदाजपत्रकात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि मग तो ‘हिशेबच गायब’ असे लिहून मोकळा होतो. याशिवाय आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी, राज्याची नगरोत्थान आणि केंद्राची अमृत योजना आहेतच. पुणे-हैदराबाद आणि विजयपूरकडे जाणारे राष्ट्रीय महामार्ग तर महापालिकेचे नाहीतच. कामाच्या ठिकाणी फलक असेल तर तो वाचावा. नसेल, तर पहिली तक्रार फलक नसल्याची करावी.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणे

‘जनतेचा पैसा का वाया घालवला?’ हा माहिती अधिकाराचा प्रश्न नव्हे. २००५ च्या कायद्यानुसार अभिलेखात जे आहे ते मिळते. अधिकाऱ्याचे मत किंवा त्याने न नोंदवलेले कारण मिळत नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे त्यातील शंभर शब्द संताप व्यक्त करण्यात घालवणे म्हणजे उधळपट्टीविरुद्धची उधळपट्टी. अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने आणि अंतिम देयक यांच्या प्रती मिळाव्यात, एवढे लिहून दहा रुपयांचे कोर्ट फी मुद्रांक लावावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करावे. आणि अर्ज करण्याआधी सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अभिलेख पाहण्याची जी सोय शासनाने २०१८ पासून स्थानिक संस्थांना लागू केली आहे, ती वापरावी. नेमका कोणता कागद मागायचा हे तेथे कळते.

मोजमाप पुस्तकाची पाने लोक मागतात आणि वाचत नाहीत. लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार, एवढेच त्यात असते. त्याखाली कनिष्ठ अभियंत्याची सही असते. माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षक गटारीच्या एका कामाची ती पाने घेऊन फीत लावत गल्लीभर फिरले. मुलांना वाटले की त्यांच्या घरासमोर नवा नळ येतो आहे. वहीतील लांबी गल्लीपेक्षा जास्त निघाली. त्यांनी निवेदनात विशेषण एकही वापरले नाही. वहीतील आकडा आणि फितीवरचा आकडा शेजारी-शेजारी लिहिले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि अंतिम देयकातून तेवढी रक्कम वजा झाली.

किरकोळ, पण नेहमीच्या

महापौरांची गाडी, दालनातील नवे सोफे आणि सत्काराच्या शाली यांवर टीका करणे सोपे आहे, म्हणूनच सगळे तेथेच अडकतात. वेतन, निवृत्तिवेतन आणि सुमारे ११० किलोमीटरवरून पाणी उपसून आणण्याचे वीजबिल यांच्यापुढे त्या शाली कुठेच लागत नाहीत.

पुण्याशी तुलना करू नये. उत्पन्नाचा पाया वेगळा असताना ती फक्त टाळ्या मिळवते.

थकीत मालमत्ता कर असणाऱ्याने शिष्टमंडळात पुढच्या रांगेत उभे राहू नये. समोरचा अधिकारी संगणक उघडून बसलेला असतो.

मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या या शहरात महापौरांच्या कारभाराऐवजी त्यांच्या समाजावर घसरलेले निवेदन मी वाचूनही देत नाही.

निवेदनाचा पहिला परिच्छेद १९३० साली नगरपालिकेवर तिरंगा फडकवण्याच्या इतिहासाला आणि चार हुतात्म्यांना वंदन करण्यात जातो. त्या इतिहासाबद्दल मला नितांत आदर आहे, पण आवक विभागातील लेखनिक तो परिच्छेद ओलांडून थेट मागणी शोधतो, आणि ती तिसऱ्या पानावर असेल तर त्याला सापडत नाही. मागणी पहिल्या वाक्यात असावी, आणि एकच असावी. राजीनाम्याची मागणी शक्यतो करू नये, कारण ती मान्य होत नाही आणि तिच्यासोबतची रस्त्याची मागणी मात्र तिच्याबरोबर फेटाळली जाते. एखादा ठरावच लोकहिताविरुद्ध आहे असे वाटत असेल, तर तो विखंडित, म्हणजे रद्द, करण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य शासनाकडे जाता येते. त्यासाठी ठरावाचा क्रमांक आणि दिनांक हवा. ‘तो वादग्रस्त ठराव’ असे लिहून चालत नाही.

शेवटी पोच. निवेदन कोणाच्या तरी हातात देऊन छायाचित्र काढले म्हणजे ते दाखल झाले असे नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घरी आणावी, फाईलला लावावी, आणि तीन महिन्यांनी माझ्याकडे ‘काहीच झाले नाही’ असे सांगत येताना ती सोबत घेऊन यावी.