बेळगाव सीमाभागात ब्लॉग चालवताना: पैसा, पथ्ये आणि कायदा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत राहून मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याने विषय ठरवण्याआधी पैसा कोठून येणार हे ठरवावे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तेथूनच निघतात. ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गुगलच्या ॲडसेन्स या सेवेची वाट धरली तर 10 डॉलर जमल्यावर पत्ता पडताळणीचा पिन टपालाने येतो, म्हणून गल्लीसह पूर्ण पत्ता द्यावा. प्रत्यक्ष रक्कम 100 डॉलर जमल्याशिवाय हाती पडत नाही. सीमाभागातील मराठी वाचकांची संख्या पाहता एवढ्यावर भागत नाही. खरा आधार गावातल्याच जाहिरातदारांचा असतो: शहापूरचे साडीवाले, कुंदा विकणारे मिठाईवाले, टिळकवाडीतले क्लासेस, मंगल कार्यालये आणि सर्वांत मोठी रक्कम मोजणारे प्लॉटवाले. पंचाईत अशी, की ज्याची जाहिरात आज घेतली त्याच्याविषयीच उद्या लिहिण्याची वेळ येते.

म्हणून पहिली जाहिरात घेण्यापूर्वीच दरपत्रक छापून ठेवावे आणि त्यात एक अट स्पष्ट घालावी, की जाहिरात दिल्याने मजकुरावर कोणताही हक्क मिळत नाही. ओळखीपाळखीच्या गावात ही अट तोंडी सांगणे अवघड जाते, परंतु छापील कागदावर ती कोणालाही खटकत नाही. पैसे घेऊन लिहिलेल्या लेखाच्या आरंभीच ‘जाहिरात’ हा शब्द असावा. शेवटी बारीक अक्षरांत ‘यांच्या सौजन्याने’ असे लिहिणे ही माझ्या मते वाचकाची फसवणूकच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आणि त्याखालील 2022ची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. फुकट मिळालेली साडी किंवा रिसॉर्टमधील मुक्काम हाही मोबदलाच असून तो उघड करावाच लागतो. वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या वस्तू किंवा सोयी मिळाल्यास, ठरावीक उलाढालीवरील व्यावसायिकाला त्यावर दहा टक्के कर कापावा लागतो, आणि तो कापला गेला नाही तरी ते आपले उत्पन्न धरले जाते.

प्लॉटच्या जाहिरातींबाबत मात्र विशेष सावध राहावे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील प्रकल्पाची रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्याखेरीज त्याची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे नोंदणी क्रमांक मागून तो कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासल्याशिवाय मजकूर घेऊ नये. जाहिरातीच्या ठरावीक दराऐवजी ‘विकल्या गेलेल्या प्रत्येक प्लॉटमागे इतके’ असा व्यवहार ठरला, तर लेखक एजंट ठरण्याचा धोका असतो. विनानोंदणी एजंटाला दिवसाला 10,000 रुपये दंडाची तरतूद आहे. दामदुप्पट ठेवींच्या योजना, मधुमेह बरा करण्याची हमी देणारी औषधे आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ यांच्या जाहिराती, कितीही पैसे मिळत असले तरी, नाकाराव्यात. या तिन्हींसाठी स्वतंत्र कायदे आहेत.

आता मजकुराकडे वळू. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार मानहानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. ‘मी खरे तेच लिहिले’ एवढा बचाव फौजदारी खटल्यात पुरत नाही. ते लिहिणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. एखाद्या सोसायटीच्या अध्यक्षाने कर्ज थकवले हे लोकहितात बसते, त्याच्या घरचे भांडण बसत नाही. तरीही मानहानीत पोलीस थेट दारात येत नाहीत, कारण ज्याची बदनामी झाली त्यालाच दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. याच संहितेच्या कलम 196 ची गोष्ट निराळी आहे. धर्म, वंश, जन्मस्थान आणि भाषा यांच्या आधारे समूहांत तेढ वाढवण्याचा हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस थेट कारवाई करू शकतात असा) आणि अजामीनपात्र असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

सीमाभागातल्या लेखकाने हे कलम तोंडपाठ ठेवावे. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातील मराठी भाषकांचा काळा दिवस असतो, 17 जानेवारीला सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन होते, आणि महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा अजून प्रलंबित आहे. या सर्वांविषयी ठाम मत मांडण्याचा हक्क लेखकाला आहे. सरकारच्या निर्णयावर, परिपत्रकावर, मराठी शाळांच्या दुरवस्थेवर हवी तेवढी कडक टीका करावी. परंतु वाक्याचा कर्ता ‘प्रशासन’ ऐवजी ‘कन्नडिग’ झाला, की टीका समूहावर जाते आणि कलमाच्या कक्षेत येण्याचा धोका निर्माण होतो. दगडफेक झाल्याचा व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ ठिकाण व तारीख पडताळल्याशिवाय टाकू नये, कारण जुनी चित्रफीत नव्या तणावात टाकणाऱ्याची बाजू न्यायालयात फार लंगडी पडते.

खटला कोठे चालेल, हाही येथे नेहमीचा प्रश्न आहे. मानहानीचा दिवाणी दावा, जेथे नुकसान झाले तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोठे लावायचा हे वादी ठरवतो. चंदगड किंवा कोल्हापूरच्या माणसाविषयी बेळगावात बसून लिहिणाऱ्याला महाराष्ट्रातल्या न्यायालयात खेटे घालावे लागू शकतात. असा दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, त्यामुळे टिपणे, मूळ छायाचित्रे आणि ज्या फोनवर मुलाखत ध्वनिमुद्रित केली तो फोन किमान तेवढा काळ जपून ठेवावा. फौजदारी तक्रारीची मुदत मात्र तीन वर्षांची असते.

छायाचित्रांचे थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर सापडले म्हणजे मोकळे झाले, असे नसते; स्वामित्वहक्क नोंदणीवाचूनही असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, छायाचित्रकाराकडे नसून तो काढून घेणाऱ्याकडे असतो, म्हणून परवानगी योग्य माणसाकडे मागावी. अत्याचारपीडित व्यक्तीची आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची ओळख कोणत्याही मार्गाने उघड करू नये. लहान गावात शाळेचे नाव आणि गल्ली एवढ्यानेही ओळख पटते.

सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि कार्यालय थाटून पाटी लावलीच तर तीवर 60 टक्के कन्नड मजकुराचा नियम पाळावा लागतो.

एखाद्या लेखाबद्दल कायदेशीर नोटीस आली तर तो गुपचूप काढून टाकू नये, कारण तसे करणे चूक कबूल केल्यासारखे दिसते. आधी लेखाची तारखेसह प्रत काढून ठेवावी, नोटिशीतील नेमक्या वाक्यावर खूण करावी आणि वकिलाला दाखवावी. वाक्य खरोखर चुकलेले असेल तर दुरुस्ती त्याच लेखाच्या माथ्यावर, दुरुस्तीच्या तारखेसह द्यावी. बरोबर असेल तर पुराव्यासह लेखी उत्तर पाठवावे आणि त्याची पोचपावती जपून ठेवावी.