खलनायकाला जादूने सज्जन करताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेत, गच्चीवरच्या माझ्या खोलीत दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत एकत्र गोष्ट रचायच्या खेळाचा, डाव बसतो. अधूनमधून एखादा नवा डीएम (गोष्ट सांगणारा, व्हिलन चालवणारा) जिना चढून येतो, चहा होईपर्यंत कसाबसा धीर धरतो आणि मग विचारतो, "दादा, व्हिलनला मारायचं नाही, चांगला करायचाय. कुठला स्पेल टाकू?" मी उलट विचारतो, "तुला तो चांगला करायचाय, का त्याचा कंटाळा आलाय?" दहातल्या आठांना कंटाळाच आलेला असतो. शेवटची लढाई लिहायचं जिवावर येतं, म्हणून जादू.

सगळ्यात जास्त वेळा बघितलेली चूक म्हणजे हेल्म ऑफ ऑपोझिट अलाइनमेंट. जुन्या आवृत्त्यांमधलं हे शापित शिरस्त्राण. अलाइनमेंट म्हणजे कॅरेक्टरचा कल: लॉफुल (शिस्तीचा) का केऑटिक (मनमानी), आणि गुड (सज्जन) का ईव्हिल (दुष्ट). तिसऱ्या आवृत्तीत ते डोक्यावर चढलं की 15 चा विल सेव्ह करावा लागतो, म्हणजे फासा आणि मनोबलाचा आकडा मिळून 15 तरी भरावे लागतात. चुकला की माणूस उलटा. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या डीएमच्या पुस्तकात ही वस्तू नाहीच, पण कुणीतरी ऐकीव माहितीवर ती आणतो आणि नियम मात्र वाचत नाही. 'उलटा' म्हणजे दुष्टाचा सज्जन, एवढंच धरून चालतो. उलटतात दोन्ही बाजू. लॉफुल ईव्हिल असेल तर तो केऑटिक गुड होतो. म्हणजे शिस्तीचा, कागदाला कागद लावणारा क्रूर कारभारी क्षणात दयाळू होतो खरा, पण नियम, हुद्दा, शिक्कामोर्तब सगळं झुगारून देणारा. शिवाय त्याला उपरती वगैरे काही झालेली नसते. नवा स्वभाव त्याला मनापासून आवडतो, परत पहिल्यासारखं व्हायचा तो प्रयत्नसुद्धा करत नाही, आणि त्याला परत फिरवायला विश किंवा मिरॅकल असला मोठा स्पेलच लागतो.

हे मला पाठ आहे, कारण मी स्वतः यात आपटलोय. माझ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे महिनोनमहिने चालणाऱ्या गोष्टीत, एक अमीन होता. सारा भरला नाही म्हणून रात्रीतून धरणाची दारं उघडून त्याने तीन गावं बुडवली होती. सात महिने पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, त्याच्या मागावर. शेवटी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक पोरगा, तिसराच रविवार त्याचा, मागून जाऊन अमीनाच्या डोक्यावर शिरस्त्राण घालून मोकळा झाला. मी सगळ्यांसमोर फासा टाकला. 4. अमीनाचा विल 9. बेरीज 13. पोरांनी एवढा आरडाओरडा केला की खालच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अरे, काय पडलं?" भडंगाची परात अर्धी सतरंजीवर सांडली.

पुढच्या रविवारी तोच पोरगा म्हणाला, "आता अमीन आपल्या पार्टीत. त्याचा खजिनाबी आपलाच की." मी काही तयारी केली नव्हती. हो म्हणालो. चूक शिरस्त्राणात नव्हती, त्या 'हो'मध्ये होती. क्लेरिक (देवाची पुजारीण) खेळणारी मुलगी तोवर गप्प होती. तिचं कॅरेक्टर त्या तीन गावांतल्या एका गावचं. आणि ऑगस्ट 2019 मध्ये तिच्या खऱ्या घरात कृष्णेचं पाणी माळ्यापर्यंत आलं होतं. तिने पेन्सिल खाली ठेवली. "दादा, दारं कुणी उघडली ते त्याला आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग तो आमच्या पंगतीला कसा काय बसलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साडेनऊलाच डाव गुंडाळला.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, पद्धत म्हणावी इतकी मोठी नाही. असा काही प्रकार होणार वाटलं की वहीत अर्धं पान लिहितो: त्याला काय आठवतं, त्याचं देणं कुणाचं आहे, आणि त्याच्या हाताखालची माणसं आता काय करतील. अमीनाचं अर्धं पान त्या आठवड्यात लिहिलं तेव्हा गोष्ट आपोआप पुढं सरकली. केऑटिक गुड अमीन आनंदाने उठला आणि त्याने साऱ्याचं सगळं दप्तर जाळलं. कुणाचं कुणाला देणं नको म्हणाला. पण बुडालेल्या गावांचे पंचनामे त्याच दप्तरात होते. पंचनाम्याचा कागद गेला म्हणजे काय होतं, हे सांगलीकराला समजावून सांगावं लागत नाही. धरणाच्या किल्ल्या अजून त्याच्या जुन्या शिपायांकडे, आणि त्यांच्या डोक्यावर कुणी काही घातलेलं नव्हतं. पुढचे चार महिने त्यावर निघाले.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती अ‍ॅटोनमेंटची. तिसऱ्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलचा स्पेल, टाकायला पूर्ण तास लागतो. विरुद्ध बाजूच्या माणसाला तुमच्या बाजूला यायची संधी तो देतो. फक्त संधी. तासभर तो समोर हजर पाहिजे आणि शेवटी हो का नाही हे त्याने स्वतः ठरवायचं. धाक, सक्ती किंवा दुसरी कुठली जादू चालत नाही, असं नियमातच आहे. तरी आमच्याकडे व्हिलनला खांबाला बांधून, मानेवर तलवार ठेवून हा स्पेल टाकलेला मी दोनदा पाहिलाय. वर "सेव्ह का नाही?" म्हणून वाद.

अरे, वाल्या कोळी लहानपणापासून ऐकत आलोय आपण. नारदाने त्याच्या डोक्यावर काही घातलं नाही. घरी जाऊन विचारून ये म्हणाला, या पापात कोण कोण वाटेकरी आहे? बायकापोरं नाही म्हणाली तिथे वाल्या आतून मोडला. पुढं वारूळ चढेपर्यंत बसून राहणं त्याचं त्याने केलं. आणि रांजणांतले खडे? कथेत ते कुणी उपसून टाकले नाहीत. मी अ‍ॅटोनमेंटचा तास असाच खेळवतो: व्हिलनला प्रश्न विचारायचे, पार्टीतल्या प्रत्येकाने एक. उत्तरं ऐकून मीच ठरवतो, आणि कधी कधी तो नाहीच म्हणतो. नव्या पोरांना हा तास लांबलचक वाटतो. वाटू दे. तासभर बसवत नसेल त्याने पत्ते खेळावेत.

बाकीच्या चुका बारीक आहेत. चार्म पर्सन, म्हणजे समोरच्याला भुलवणारा स्पेल, हे हृदयपरिवर्तन नव्हे. पाचव्या आवृत्तीत तो तासभर टिकतो, आणि उतरला की आपल्यावर जादू झाली होती हे समोरच्याला कळतं. समोरच्याला ताब्यात घेणारा डॉमिनेट पर्सन मिनिटभराचा, त्यातही त्याला मार लागला की पुन्हा सेव्ह. तिसऱ्या आवृत्तीतला सँक्टिफाय द विकेड टाकायचाच असेल तर व्हिलनचा आत्मा वर्षभर हिऱ्यात कोंडून राहतो आणि टाकणाऱ्याची एक लेव्हल जाते. कॅम्पेनमध्ये तेवढं वर्ष उरलंय का ते आधी बघा. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची 2023 ची सुधारित आवृत्ती खेळत असाल तर अलाइनमेंट काढूनच टाकलीय, तेव्हा उलटायला काही शिल्लक नाही. 2014 च्या पुस्तकातल्या डेक ऑफ मेनी थिंग्ज या जादूच्या पत्त्यांमधलं, अलाइनमेंट उलटवणारं बॅलन्सचं पान खेळाडूच्या हाती आलं तर त्याला बाजूला घेऊन विचारा, हे कॅरेक्टर असं बदललेलं खेळायला जमेल का. व्हिलनचा स्वभाव तुमच्या हातात, खेळाडूच्या कॅरेक्टरचा खेळाडूच्या.

आणि सेव्ह पडद्यामागे टाकू नका. अमीनाचा 4 सगळ्यांनी पाहिला होता, म्हणूनच त्या मुलीने मला प्रश्न विचारला. लपवून टाकला असता तर तिला वाटलं असतं, दादानेच त्याला वाचवला.