पोस्टरवाला जाड सेरिफ फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

जुन्या पोस्टरसारखा जाडजूड, वळणदार सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) फॉन्ट डाउनलोड केला की पहिल्या दिवशी सगळीकडे तोच लावावासा वाटतो. मी पण तेच केलं, अख्खा पॅरेग्राफ त्यात टाकला आणि प्रिंट हातात आली तर अक्षरं कमी आणि काळे डागच जास्त. फॉन्टची काही चूक नव्हती. या घाटाची अक्षरं लांबून वाचायची असतात, 1827 मध्ये डेरियस वेल्सने न्यूयॉर्कमध्ये लाकडी टाईप (छपाईचे अक्षर-ठसे) मशीनवर कोरायला घेतले ते असल्या मोठ्या अक्षरांसाठीच, कारण तेवढ्या साईजचे शिशाचे ठसे जड पण व्हायचे आणि महाग पण पडायचे. आता तेच 10-11 पॉइंटला आणलं तर आतल्या पोकळ्या बुजणारच ना. हेडलाईनला हा, खाली साधा फॉन्ट, विषय संपला.

बोल्डचं बटण तर दाबूच नका. अशा फॉन्टमध्ये बऱ्याचदा एकच वजन (म्हणजे जाडी) असतं, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने अक्षर फुगवतं आणि ते सुजल्यासारखं दिसतं.

जागेत बसत नाही म्हणून बाजूने दाबायचं, हे पण नको. त्याने उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात, सगळा तोल जातो. जुन्या छापखान्यात हे जमायचंच नाही, लाकडाचा ठोकळा कसा दाबणार, म्हणून अरुंद आणि रुंद अक्षरांचे वेगळे संच ठेवायचे. तुम्ही पण कंडेन्स्ड (मुळातच अरुंद) व्हर्जन शोधा, नाहीतर सरळ एक शब्द कमी करा.

स्पेसिंगकडे कोणी बघतच नाही. मोठ्या साईजला अक्षरं विखुरल्यासारखी वाटतात, ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर) थोडं मायनस करा, मग टी-ओ, ए-व्ही अशा जोड्या हाताने जुळवा (झूम आउट करून बघा, जवळून काही कळत नाही). शेपट्यावाली कॅपिटल अक्षरं असतील तर शब्दाला एकच पुरे, सगळी लावली की शेपट्या एकमेकींत अडकतात. न लावताच येत असतील तर सॉफ्टवेअरच्या ओपनटाईप पॅनलमध्ये स्वॉश (शेपट्या) आणि कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स (शेजारच्या अक्षरानुसार बदलणारी रूपं) बंद आहेत का बघा.

गडद बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं प्रिंट करताना जपून! शाई पसरते आणि बारीक रेघा खाऊन टाकते. 1922 च्या कूपर ब्लॅकसारख्या गोलसर फॉन्टला एवढा त्रास नाही, पण फॅट फेस प्रकारात जाड-बारीकचा फरक प्रचंड, तिथे साईज वाढवा नाहीतर चार रंगांऐवजी एकाच शाईचं बॅकग्राउंड घ्या.

आणि प्रेसला फाईल पाठवताना टेक्स्ट कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) कन्व्हर्ट करा, नाहीतर त्यांच्या मशीनवर फॉन्ट नसला की भलताच येतो. फक्त त्याआधी स्पेलिंग तपासा आणि एडिट होणारी कॉपी वेगळी सेव्ह करून ठेवा.