सुकाणूपाशी एसीचा गारवा नेताना

मोटरबोटीची केबिन थंडगार आणि सुकाणूवरचा माणूस काचेमागे भाजतोय, असं असेल तर लगेच दुसरा एसी घेऊ नका. आधी आहे त्याच डक्टला, म्हणजे एसीची थंड हवा नेणाऱ्या नळीला, फाटा काढता येतो का बघा. ६ इंची डक्टमधून ४ इंची दोन फाटे निघतात. दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं. डक्ट इन्सुलेशनवालाच घ्या आणि ताणून बसवा, झोळ पडला की हवा अडते. हवा बाहेर पडते त्या जाळीचं तोंड थेट चालवणाऱ्याच्या अंगाकडे. उघड्या बाजूंना पारदर्शक पडदे हवेतच, नाहीतर गारवा टिकणार नाही. पण पडद्यांआड इंजिनाचा धूरही कोंडतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. म्हणून तिथे त्याचा अलार्म लावाच, आणि एसीची परतीची हवा (एसी थंड करायला आत खेचतो ती) इंजिनखोलीतून कधीही ओढू देऊ नका.