पाऊस लागण्याआधी गावतळ्याच्या भरावावरून एक फेरी मारा

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात बहुतेक शिवारांत एखादा तरी पाझर तलाव असतोच. त्यातले कितीतरी १९७२ च्या दुष्काळी कामांवरचे. डोक्यावरच्या पाटीनं माती टाकून उभे केलेले हे भराव आता पन्नाशी ओलांडून गेलेत. मृगाच्या पेरणीची घाई सुरू होण्याआधी अर्धा दिवस त्यांच्यासाठी काढा. तलावाखालच्या ओढ्याकाठी ज्यांची विहीर, द्राक्षबाग किंवा डाळिंब आहे, त्यांनी तर नक्कीच.

यंदा एवढं का सांगतोय, तर या तलावांचं काम बदललंय. पूर्वी ते वर्षातला बराच काळ कोरडे असायचे. परतीचा पाऊस झोडपून गेला, तरी रिकाम्या तलावात मावून जायचा. आता टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या उपसा योजनांचं पाणी आलं आणि तलाव त्यावर भरून घेतले जातात. पाण्यासाठी दोन पिढ्या तरसलेल्या भागात ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण सप्टेंबरात तलाव आधीच तुडुंब असेल, तर रात्रीत पडलेला सगळा पाऊस सांडव्यावरूनच, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेनंच जाणार. त्यामुळे बघायला सुरुवात सांडव्यापासून करा.

सांडव्याच्या चरात वेडी बाभूळ माजलेली असते, कुणी राडारोडा टाकलेला असतो, कुठे कडवळ पेरलेलं असतं. हे सगळं आत्ताच निघालं पाहिजे. त्याहून वाईट म्हणजे पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्यावर रचलेली वाळूची पोती किंवा घातलेला फूटभर बांध. गावाच्या भल्यासाठी केलं असं सांगतात, पण असा बांध आजच काढून टाका. सांडव्याची पातळी आणि भरावाचा माथा यांत मुद्दाम राखलेलं अंतर असतं, ते पुरासाठी. मातीच्या धरणाला माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. एकदा पाणी ओलांडलं की मागच्या उतारावरची माती खरवडत जाते आणि काही तासांत भगदाड पडतं. बसून दबलेला किंवा बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाटेनं घसलेला माथा आधी तिथेच पाणी सोडतो, म्हणून माथ्यावरचे खळगेही बघून ठेवा.

मग खाली उतरून पायथ्यानं चाला. घोरपडीची, उंदरांची बिळं, वारुळं, लांबट भेगा, पुढे फुगलेला किंवा खचलेला भाग, सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा. झुडपं जमिनीलगत कापा, पण मोठं झाड जेसीबी लावून मुळासकट उपटू नका. मुळांची पोकळी म्हणजे पाण्याला आयती वाट. भराव खोदून मोटारीची पाईपलाईन पार केलेली असेल, तर त्या जागेवर बारीक नजर ठेवा. पाईपाच्या कडेनं पाणी सरकत सरकत आतली माती घेऊन जातं. नवी लाईन टाकायची असली, तरी भरावातून टाकू नका.

तलावात पाणी असेल तर पायथ्याला ओल किंवा बारीक झिरपा दिसेल. पाझर दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही, मातीचं धरण थोडं पाझरतंच. बघायचं ते पाण्याचा रंग आणि जोर. पारदर्शक बाटलीत पाणी भरा, तासभर न हलवता ठेवा. तळाशी गाळ बसला, तर आतली माती बाहेर यायला लागलीय. पाण्याची पातळी तीच असून झिरपा वाढत असेल, तरी तेच समजा.

उन्हाळ्यात गाळ काढायचं काम चालू असेल तर एक पथ्य पाळा. गाळ शेतात टाकणं चांगलंच, पण भरावाच्या आतल्या पायथ्याशी पोकलेन नेऊ नका. तिथला बसलेला गाळ पाझर अडवतो. खालचा मुरूम उघडा पडला की गळती वाढते. किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून चुन्याची रेघ मारून घ्या.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे, पण ती १५ मीटरपेक्षा उंच आणि १० ते १५ मीटरमधल्या काही ठरावीक धरणांना. गावतळी बहुतेक त्याखालची. तेव्हा तलाव जिल्हा परिषदेचा, मृद व जलसंधारणचा की जलसंपदाचा, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि फोटोसह लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. चिपळूणचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. म्हणून एका अर्जावर थांबू नका, ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलदारांनाही प्रत द्या.

ऐन पावसात पायथ्यातून गढूळ पाणी उसळू लागलं, तर बाहेरून माती-दगड कोंबून ते बुजवू नका. ते शेजारून फुटतं. आधी पोलीस पाटील आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर. ओढ्याकाठची वस्ती, दावणीची जनावरं उंचावर हलवा. मोटार काढायला ओढ्यात उतरू नका, मोटार पुन्हा घेता येते. विमोचक, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायचं तोंड असेल, तर त्याचं गेट उघडायचं ते विभागाच्या माणसानं आणि हळूहळू. पाणी एकदम उतरलं तर आतला ओला उतार घसरतो. हे गेट फिरतंय का, की गंजून बसलंय, एवढं मात्र आत्ताच त्यांच्याकडून फिरवून बघा.

दुसरी फेरी ऑगस्टअखेर, परतीच्या पावसाआधी. तेव्हा तलाव भरत आलेला असेल, तर उपसा योजनेचं पाणी काही दिवस थांबवा अशी मागणी पाणीवापर संस्थेमार्फत करता येते.